ओल्ड स्कूल रूनस्केप: कोंबड्या मारत न बसता सुरुवातीच्या लेव्हल ओलांडण्याचा योग्य क्रम

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ नव्याने सुरू करणारे बहुतेक खेळाडू एकाच जागी अडकतात. ट्यूटोरियल आयलंड संपवून ते लंब्रिजला उतरतात, हातातली ब्राँझची तलवार घेऊन कोंबड्यांच्या कुंपणात शिरतात, तिथून गायींच्या कुरणात जातात आणि अटॅक हे लढाईचे कौशल्य विसाव्या लेव्हलपर्यंत पोचण्याआधीच कंटाळून खेळ सोडून देतात. हा कंटाळा खेळाने लादलेला नसून चुकीच्या क्रमाने ओढवून घेतलेला असतो. खालच्या लेव्हल राक्षस मारून मिळवायच्या नसतात, त्या क्वेस्टच्या, म्हणजे खेळातल्या मोहिमांच्या, बक्षिसातून उचलायच्या असतात आणि हाणामारी त्यानंतर सुरू करायची असते. कोणती क्वेस्ट आधी, कोणती नंतर आणि प्रत्येकीपूर्वी बॅगेत काय असावे, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

आधी हिशेब समजून घ्या

या खेळात शत्रूला केलेल्या प्रत्येक एका नुकसानीमागे निवडलेल्या कौशल्यात ४ एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि हिटपॉइंट्समध्ये (जिवाच्या गुणांत) साधारण १.३३ एक्सपी मिळतात. कोंबडीचे हिटपॉइंट्स ३ असतात, म्हणजे एका कोंबडीमागे १२ एक्सपी. लेव्हल ३० साठी १३,३६३ एक्सपी लागतात. म्हणजेच केवळ अटॅक तीसवर नेण्यासाठी अकराशेहून अधिक कोंबड्या माराव्या लागतील आणि स्ट्रेंग्थसाठी तेवढ्याच पुन्हा. तुमच्या तलवारीत आठ नुकसान करण्याची ताकद आली, तरी तीन हिटपॉइंट्सच्या कोंबडीकडून बारापेक्षा जास्त एक्सपी मिळत नाहीत, कारण शत्रूच्या उरलेल्या जिवाइतकेच नुकसान मोजले जाते. त्यात एक कोंबडी मेल्यावर दुसरीपर्यंत चालत जाण्याचा वेळ वेगळा जातो.

याउलट वॉटरफॉल क्वेस्ट ही एकच क्वेस्ट अटॅक आणि स्ट्रेंग्थ या दोन्हींत प्रत्येकी १३,७५० एक्सपी देते आणि तिच्यासाठी कोणत्याही कौशल्याची अट नाही. लेव्हल १ वर असताना ती पूर्ण केली, तर दोन्ही कौशल्ये थेट ३० वर जातात. आधी महिनाभर राबून तीसवर पोचलेल्या खेळाडूला त्याच क्वेस्टने फक्त ३६ पर्यंत नेले, अशी तक्रार नेहमी येते. त्याचे एक्सपी वाया गेलेले नसतात, कारण बेरीज तीच राहते. वाया जातो तो वेळ, कारण त्याने सर्वांत संथ गतीचे तास हाताने काढलेले असतात, आणि नेमके तेच तास क्वेस्टने वाचवायला हवे होते.

टप्पा १: खाते, क्लायंट आणि मांडणी

खाते उघडल्याबरोबर द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. संगणकावर खेळणार असाल, तर रूनलाइट हा मान्यताप्राप्त क्लायंट (खेळ चालवण्याचा प्रोग्राम) घ्या आणि त्याच्या प्लगइन हबमधून, म्हणजे जादा सुविधांच्या यादीतून, क्वेस्ट हेल्पर बसवा. हा प्लगइन पुढची पायरी पडद्यावरच दाखवतो. वर्ल्ड हॉपर प्लगइनमध्ये प्रत्येक वर्ल्डचा (खेळाच्या सर्व्हरचा) पिंग, म्हणजे तिथवर संदेश जाऊन येण्याचा वेळ, दिसतो. भारतातून खेळताना यादीतले पहिले वर्ल्ड डोळे मिटून निवडण्यापेक्षा पिंग पाहून निवडावे, कारण खेळाचा प्रत्येक ठोका ०.६ सेकंदांचा असतो आणि पिंग जास्त असेल तर जेवण खाण्याची क्लिक वेळेवर पोचत नाही. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी लढाईच्या क्वेस्टसाठी स्थिर वायफाय पाहून बसावे. लढाई चालू असताना जोडणी तुटली, तर कॅरेक्टर लगेच बाहेर पडत नाही, काही वेळ मार खात उभे राहते.

आता लढाईच्या खिडकीतील दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली म्हणजे हल्ल्याची शैली. सिमिटारला (वक्र पात्याच्या तलवारीला) चार शैली असतात: पहिली अटॅक वाढवते, दुसरी स्ट्रेंग्थ, तिसरी एक्सपी तिन्हींत वाटून टाकते आणि चौथी डिफेन्स वाढवते. शस्त्र बदलल्यावर निवडलेली शैलीही बदलू शकते, त्यामुळे नवे शस्त्र हाती घेतले की ही खिडकी उघडून पाहण्याची सवय लावा. दुसरी गोष्ट म्हणजे ऑटो रिटॅलिएट. कोणी हल्ला केला की आपोआप उलट वार करायचा की नाही, हे त्याने ठरते, आणि पुढच्या टप्प्यांत ते कधी बंद तर कधी चालू ठेवावे लागणार आहे.

इशारा: पैसे घेऊन लेव्हल वाढवून देणाऱ्यांना खात्याचा पासवर्ड देऊ नका आणि आपोआप क्लिक करणारे कोणतेही साधन वापरू नका. दोन्ही नियमबाह्य आहेत आणि दोन्हींमुळे खाते कायमचे बंद होऊ शकते.

टप्पा २: पहिले दहा हजार

रून (जादू टाकताना खर्च होणारे दगड), खाणे आणि प्रवासाच्या वस्तूंसाठी पैसे हवेत. त्यासाठी गायींची कातडी गोळा करत बसू नका. बार्बेरियन व्हिलेजमधील खड्ड्यातून स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटीमध्ये उतरा. पहिल्या मजल्यावर २,०००, दुसऱ्यावर ३,००० आणि तिसऱ्यावर ५,००० नाणी मिळतात आणि चौथ्यावर बूट. दारांवर खात्याच्या सुरक्षिततेचे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे नीट वाचून द्या, कारण त्यातला सल्ला खरोखर उपयोगाचा आहे. खाली राक्षस अंगावर येतात, पण तुम्हाला त्यांच्याशी लढायचे नाही, फक्त पळत पेटीपर्यंत पोचायचे आहे. बॅगेत फक्त खाणे ठेवा आणि बाकी सगळे बँकेत टाका.

नव्या मोफत खात्यावर व्यापाराची बंधने असतात. खेळाचे २० तास, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० हे तिन्ही पूर्ण होईपर्यंत इतर खेळाडूंशी थेट देवघेव करता येत नाही आणि काही वस्तू ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात विकता येत नाहीत. म्हणून मित्र नंतर पैसे देईल, या भरवशावर नियोजन करू नका.

टप्पा ३: मेंबरशिप घेण्यापूर्वीच्या मोफत क्वेस्ट

मेंबरशिप म्हणजे सशुल्क सदस्यत्व, आणि ते देणारी बाँड ही वस्तू १४ दिवसांची असते. ती वापरून मग मोफत क्वेस्ट करत बसणे, ही दुसरी मोठी चूक आहे. पुढील गोष्टी मोफत खात्यावरच उरकून घ्या.

लंब्रिजमध्ये एक्स मार्क्स द स्पॉट करा, त्यासाठी फावडे लागते. बक्षीस म्हणून ३०० एक्सपीचा दिवा मिळतो. तो घासला की हव्या त्या कौशल्यात एक्सपी मिळतात. तो लगेच घासू नका, पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. कुक्स असिस्टंटने कुकिंग ४ वर जाते. द रेस्टलेस घोस्टने १,१२५ प्रेअर एक्सपी मिळून प्रेअर ९ होते आणि भुतांशी बोलण्याचे ताईतही हाती येते. हे ताईत पुढे अनेक क्वेस्टमध्ये लागते, म्हणून ते टाकून देऊ नका.

यानंतर एक जोडी येते आणि तिचा क्रम उलटा करणारे खेळाडू फार आहेत. फालाडोरच्या उत्तरेला राहणारा बुटका डोरिक ६ क्ले, ४ कॉपर ओर आणि २ आयर्न ओर (कच्चे तांबे आणि लोखंड) मागतो आणि त्याबदल्यात १,३०० मायनिंग एक्सपी देतो. मायनिंग १ वरून १० वर जाते. आयर्न ओर स्वतः खणायला मायनिंग १५ लागते. त्यामुळे जो खेळाडू सगळे स्वतःच खणायचे ठरवतो, तो क्वेस्ट जी लेव्हल देणार आहे तिच्या पलीकडे आधीच राबून जातो. हे बारा नग सरळ ग्रँड एक्स्चेंजवरून विकत घ्या.

मायनिंग १० झाले की द नाइट्स स्वोर्ड सुरू करता येते, कारण ब्लुराइट ओर खणण्यासाठी नेमकी तेवढीच लेव्हल लागते. या क्वेस्टचे बक्षीस १२,७२५ स्मिथिंग एक्सपी आहे आणि त्याने स्मिथिंग १ वरून २९ होते. ब्राँझची एक कांडी ऐरणीवर ठोकून १२.५ एक्सपी मिळतात, म्हणजे हजाराहून अधिक कांड्या ठोकण्याचे काम या एका क्वेस्टने वाचते. सोबत एक रेडबेरी पाय, दोन आयर्न बार आणि कुदळ ठेवा. ब्लुराइट ज्या गुहेत आहे, तिथे आइस जायंट आणि आइस वॉरियर फिरतात आणि त्यांच्यापुढे तुमचा टिकाव लागणार नाही. खाणे भरून घ्या, ओर खणा आणि मागे न बघता बाहेर पडा. थांबून एखादा मारून पाहण्याचा मोह टाळा.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी मायनिंग १०, स्मिथिंग २९, प्रेअर ९, कुकिंग ४ आणि बँकेत न वापरलेला दिवा असायला हवा. अटॅक आणि स्ट्रेंग्थ अजून एकच्या आसपास असतील आणि त्यांना तसेच राहू द्या.

टप्पा ४: मॅजिक १३

पुढच्या क्वेस्टमध्ये तुमच्यापेक्षा कितीतरी बलवान शत्रू येतात. त्यांना मारण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे ते पोचू शकत नाहीत अशा जागी, म्हणजे सेफस्पॉटवर उभे राहून दुरून जादू टाकणे. त्यासाठी फायर स्ट्राइक हवी आणि ती मॅजिक १३ ला उघडते.

इम्प कॅचरमध्ये लाल, पिवळा, काळा आणि पांढरा असे चार मणी लागतात. ते इम्प नावाचे छोटे राक्षस मारून मिळवायला गेलात, तर तीन रंग लवकर मिळतील आणि चौथ्यासाठी संपूर्ण संध्याकाळ जाईल. विकत घ्या. या क्वेस्टचे ८७५ एक्सपी, विचेस पोशनचे ३२५ आणि राखून ठेवलेल्या दिव्याचे ३०० मिळून १,५०० एक्सपी होतात, म्हणजे मॅजिक ११. लेव्हल १३ साठी १,८३३ लागतात. उरलेले सव्वातीनशे एक्सपी अर्थ स्ट्राइक टाकत गायींवर काढावेत. या पूर्ण आराखड्यात कुरणात उभे राहण्याची ही एकच वेळ आहे आणि ती थोडक्यात संपते.

फायर स्ट्राइकच्या एका वेळेस ३ फायर, २ एअर आणि १ माइंड रून लागतात. स्टाफ ऑफ फायर हातात असेल, तर फायर रून खर्च होत नाहीत. शिवाय स्टाफ असल्याशिवाय ऑटोकास्ट (जादू आपोआप टाकत राहणे) ठेवता येत नाही, म्हणून तो घ्याच. माइंड रून निदान तीनशे आणि एअर रून त्याच्या दुप्पट जमवून ठेवा.

इशारा: सेफस्पॉटवर ऑटोकास्ट न ठेवता हाताने जादू टाकत असाल, तर ऑटो रिटॅलिएट बंद ठेवा. ते चालू राहिले, तर शत्रूचा एक वार बसताच तुमचे कॅरेक्टर स्टाफ उगारून त्याच्या अंगावर धावत जाते आणि सुरक्षित जागा सुटते. सेफस्पॉटवर मेलेल्यांपैकी बहुतेकांची कहाणी हीच असते.

टप्पा ५: विचेस हाउस, म्हणजे आधी जीव वाढवा

आता मेंबरशिप सुरू करा. अनेक मार्गदर्शकांत इथून थेट वॉटरफॉल सांगितले जाते आणि अनुभवी खेळाडू ते करूही शकतात. माझा सल्ला वेगळा आहे. क्वेस्टमधून मिळणारे अटॅक एक्सपी हिटपॉइंट्स वाढवत नाहीत. वॉटरफॉलच्या गुहेत फायर जायंट आहेत आणि त्यांचा एकच वार १० हिटपॉइंट्सच्या खेळाडूला पुरेसा ठरू शकतो. विचेस हाउस ६,३२५ हिटपॉइंट्स एक्सपी देते आणि १० वरून २४ वर नेते. चौदा हिटपॉइंट्सचा हा फरक म्हणजे खाण्याची क्लिक करायला मिळणारा अवधी.

टॅव्हर्लीमधील मुलाशी बोलून क्वेस्ट सुरू होते. सोबत चीज आणि चामड्याचे हातमोजे हवेत. घराची किल्ली दाराबाहेरच्या कुंडीखाली असते. तळघरातून लोहचुंबक आणा. हातमोज्यांशिवाय तिथे झटका बसतो. मग चीज टाकून उंदीर बाहेर काढा आणि त्याला चुंबक लावा, म्हणजे मागचे दार उघडते. बागेत चेटकीण फेऱ्या मारत असते. ती पाठमोरी झाली की एका कुंपणाआडून दुसऱ्या कुंपणाआड जा. तिने पाहिले, तर बाहेर फेकले जाल. कारंज्यातून शेडची किल्ली घ्या.

शेडमध्ये चेंडू उचलायला गेलात की एक प्राणी समोर येतो. त्याची चार रूपे आहेत, लेव्हल १९, ३०, ४२ आणि ५३, आणि ती एकामागून एक येतात. खोलीतल्या सामानाआडची सुरक्षित जागा आधीच शोधून तिथे उभे राहा आणि मगच लढाई सुरू करा. पहिले रूप सोपे वाटते म्हणून जागा न धरता लढायला लागणारे तिसऱ्या रूपापाशी मरतात.

तपासणी: हिटपॉइंट्स २४ किंवा अधिक झाले का? जादूने केलेल्या नुकसानीचे हिटपॉइंट्स एक्सपीही मिळत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच दिसतील.

टप्पा ६: वॉटरफॉल क्वेस्ट

ही या आराखड्यातली मुख्य क्वेस्ट आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. त्या लढाईतल्या नसून बॅग भरण्यातल्या असतात, म्हणून हा टप्पा सविस्तर देत आहे.

बँकेत एकत्र करून ठेवा: एक दोर, एअर, अर्थ आणि वॉटर रून प्रत्येकी ६, भरपूर शिजवलेले मासे आणि एक गेम्स नेकलेस. हा नेकलेस बार्बेरियन आउटपोस्टला नेऊन सोडतो आणि धबधबा तिथून जवळ आहे.

पहिली फेरी पुस्तकासाठी असते. नदीकाठच्या घरात अल्मेराशी बोला, घरामागच्या तराफ्यावर बसा आणि बेटावर हडनशी बोला. मग खडक आणि वाळलेल्या झाडावर दोर वापरून कड्यावर उतरा आणि तिथल्या पिंपात बसून प्रवाहाबरोबर खाली या. हॅडलीच्या घराच्या वरच्या मजल्यावरील कपाटात बॅक्स्टोरियनवरचे पुस्तक आहे. ते नुसते घेऊन चालत नाही, उघडून वाचावे लागते. न वाचता पुढे गेलेले खेळाडू नंतर क्वेस्ट अडकली म्हणून वैतागतात.

दुसरी फेरी खड्यासाठी. आर्डोइनच्या नैर्ऋत्येला ट्री नोम व्हिलेजचा भुलभुलैया आहे. त्यातल्या तळघरात एका खोक्यात किल्ली सापडते. तिने दार उघडून गोलरीशी बोला आणि ग्लॅरियलचा खडा घ्या. तळघरात हॉबगॉब्लिन आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पळत जा.

तिसरी फेरी थडग्याची, आणि इथे खरी अडचण येते. ग्लॅरियलच्या थडग्यात शस्त्र, चिलखत किंवा रून यांतले काहीही सोबत असेल, तर प्रवेश मिळत नाही. पुढच्या फेरीसाठी लागणारे अठरा रून लोक आधीच बॅगेत ठेवतात, थडग्यापाशी पोचतात आणि तिथून पुन्हा बँकेची वाट धरतात. म्हणून आधी बँकेत जा, अंगावरचे सगळे उतरवा आणि बॅगेत फक्त खडा व खाणे ठेवा. थडग्याच्या दगडावर खडा वापरा. आत लेव्हल ४२ चे मॉस जायंट हल्ला करतात आणि तुमच्याकडे शस्त्र नसल्याने उलट लढण्याचा प्रश्नच नाही. पेटीतून ग्लॅरियलचे ताईत आणि शवपेटीतून अस्थिकलश घ्या. हिटपॉइंट्स निम्म्यावर आले की खा. अजून एक फटका सोसेल, असा अंदाज बांधत बसू नका.

चौथी फेरी शेवटची. बँकेतून दोर, अठरा रून, ताईत, कलश आणि उरलेली जागा भरेल इतके खाणे घ्या. तराफ्याने बेटावर जा, समोरच्या खडकावर दोर वापरून पलीकडच्या बेटावर जा, तिथल्या वाळलेल्या झाडावर दोर वापरून धबधब्यामागच्या कड्यावर उतरा आणि दार उघडण्यापूर्वी ताईत गळ्यात घाला. ताईत नसेल, तर पाण्याचा लोंढा तुम्हाला बाहेर फेकतो. आत खोक्यात किल्ली शोधा आणि फायर जायंटच्या बाजूने न थांबता पुढची दारे उघडत जा.

शेवटच्या खोलीत सहा खांब आहेत. प्रत्येक खांबावर एक एअर, एक अर्थ आणि एक वॉटर असे तीन रून ठेवायचे. घाईत एका खांबावर दोनदा क्लिक होते आणि आपण कुठवर आलो ते कळेनासे होते, म्हणून एका टोकापासून सुरू करून एका खांबाचे तिन्ही रून ठेवल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नका. बॅगेतला रूनचा आकडाच किती खांब झाले ते सांगतो: दोन खांब झाल्यावर प्रत्येकी चार उरायला हवेत. सहाही झाले की ग्लॅरियलच्या पुतळ्यावर ताईत वापरा.

इशारा: आता समोर जो चषक दिसेल, त्यातला खजिना उचलायला थेट क्लिक करू नका. आधी अस्थिकलश चषकावर वापरायचा असतो. थेट हात घातलात, तर पाणी भरून तुम्ही बाहेर जाता आणि खांबांचे काम नव्या रूनसह पुन्हा करावे लागते. कलश वापरण्यापूर्वी बॅगेत चार-पाच जागा रिकाम्या करा, कारण बक्षिसात दोन हिरे, दोन सोन्याच्या कांड्या आणि मिथ्रिलचे बी मिळते.

वाटेत मरण आलेच, तर घाबरू नका. मेल्या जागी तुमच्या वस्तूंचे थडगे १५ मिनिटे राहते. त्यात काय आहे ते आठवा, आणि फक्त मासे असतील, तर ते सोडून द्या.

तपासणी: अटॅक ३०, स्ट्रेंग्थ ३०. आता अ‍ॅडमंटचे सिमिटार वापरता येईल.

टप्पा ७: अटॅक ४० च्या पलीकडे

तीन क्वेस्ट उरतात आणि त्यांतल्या दोन एकाच परिसरात आहेत, म्हणून त्या सलग करा.

ट्री नोम व्हिलेज ११,४५० अटॅक एक्सपी देते. सहा लॉग (ओंडके) सोबत ठेवा, म्हणजे मधूनच झाड शोधत फिरावे लागणार नाही. शेवटचा खझार्ड वॉरलॉर्ड लेव्हल ११२ चा आहे. त्याच्याशी तलवारीने भिडू नका, सेफस्पॉटवरून फायर स्ट्राइक टाका. फाइट अरेना १२,१७५ अटॅक एक्सपी देते. पहारेकऱ्यांच्या पोशाखासाठी पेटी शोधावी लागते आणि आळशी पहारेकऱ्याला पेय पाजण्यासाठी पाच नाणी लागतात. ती नसल्यामुळे परत फिरणारे खेळाडू मी बरेच पाहिले आहेत. आखाड्यात एकामागून एक शत्रू येतात आणि शेवटचा बाउन्सर लेव्हल १३७ चा आहे. तिथल्या सांगाड्यांच्या आडून तो सुरक्षितपणे मारता येतो. तो मेल्यावर स्वतः जनरल खझार्ड अंगावर येतो, पण त्याला मारणे क्वेस्टसाठी आवश्यक नाही. सरळ बाहेर पडा आणि लेडी सर्व्हिलशी बोला.

व्हॅम्पायर स्लेयर मोफत असूनही मी ती इथवर मागे ठेवली आहे. तिचे ४,८२५ एक्सपी ती कधीही केली तरी तेवढेच मिळतात, पण लेव्हल ३४ चा काउंट ड्रेनोर अटॅक १ वर जिवावर येतो आणि अटॅक तीसच्या पुढे सहज मरतो. लसूण, हातोडा आणि डॉ. हार्लोने दिलेली खुंटी बॅगेत आहेत ना, हे पायऱ्या उतरण्यापूर्वी पाहा. हातोडा किंवा खुंटी नसेल, तर तो मरतच नाही.

चारही क्वेस्टची बेरीज ४२,२०० अटॅक एक्सपी होते, म्हणजे लेव्हल ४१. रून या धातूच्या सिमिटारला ४० लागते. तलवारीने शत्रू मारत बसण्याचा सराव जवळपास न करता तुम्ही इथवर आलेले असता.

जे कधीच मेंबरशिप घेणार नाहीत, त्यांनी टप्पा ४ नंतर भरपूर खाणे घेऊन व्हॅम्पायर स्लेयर करावी. अटॅक २० होते, मिथ्रिल सिमिटार हाती येते आणि मग गायी, त्यानंतर एजव्हिलजवळचे हिल जायंट, असा मार्ग राहतो. तो संथ आहे, हे मान्य करूनच धरावा.

टप्पा ८: स्ट्रेंग्थ, आणि आता खरा सराव

इथून पुढे हाणामारी टळत नाही, पण ती आता निराळी असते. रून सिमिटार घ्या, दुसरी शैली निवडा, ऑटो रिटॅलिएट चालू करा आणि रेलेक्काजवळच्या किनाऱ्यावर रॉक क्रॅबपाशी जा. एका खेकड्याचे हिटपॉइंट्स ५० असतात, म्हणजे एकामागे २०० एक्सपी, आणि त्याचा वार १ च्या वर जात नाही. साधे खाणे फार वेळ पुरते.

हे खेकडे दगडांसारखे पडून असतात आणि जवळून गेलात की उठून अंगावर येतात. सुमारे १० मिनिटांनी ते उठायचे थांबतात आणि तुम्ही नुसत्या दगडांच्या मधोमध उभे राहता. सर्व्हर बिघडला असे समजून लोक वर्ल्ड बदलतात किंवा एकेक दगडावर जाऊन थांबतात. दोन्हींची गरज नाही. पळत बरेच दूर जा, परत या आणि ते पुन्हा उठतील. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावून ठेवला, तर हा वेळ वाया जात नाही.

इशारा: स्ट्रेंग्थ पन्नासपर्यंत नेण्याचे ठरवले असेल, तर दर काही वेळाने एक्सपी खरोखर स्ट्रेंग्थमध्येच जात आहेत ना, ते पाहा. शैली चुकून वाटून घेणारी राहिली, तर संपूर्ण बैठकीचे एक्सपी तीन ठिकाणी विखुरतात. डिफेन्स अजून १ असल्यामुळे चांगले चिलखत चढत नाही, पण खेकड्यांपुढे त्याची गरजही नाही. डिफेन्सचा विचार स्ट्रेंग्थनंतर करा.

टप्पा ९: मेंबरशिप चालू असताना उचलायच्या बाकी लेव्हल

व्हॅरॉकच्या संग्रहालयातील तळघरात प्राण्यांविषयीची प्रश्नमंजुषा आहे. एकही शत्रू न मारता स्लेयर आणि हंटर या दोन्हींत प्रत्येकी १,००० एक्सपी मिळतात आणि दोन्ही ९ वर जातात. हंटरसाठी पक्षी पकडायला जाण्याआधी हे करा. ड्रुइडिक रिचुअलने हर्बलोर ३ होते. अ‍ॅजिलिटी मात्र नोम स्ट्राँगहोल्डच्या मार्गावर धावूनच मिळवावी लागते. निदान २५ पर्यंत धावा, कारण मग द ग्रँड ट्री ही क्वेस्ट उघडते आणि ती १८,४०० अटॅक एक्सपीसोबत ७,९०० अ‍ॅजिलिटी एक्सपीही देते.

क्वेस्ट पॉइंट ४३ झाले की टिअर्स ऑफ गुथिक्सकडे वळा. तिच्यासाठी फायरमेकिंग ४९, क्राफ्टिंग २० आणि मायनिंग २० लागते. ती पूर्ण झाल्यावर आठवड्यातून एकदा तिथे जाता येते आणि मिळणारे एक्सपी त्या वेळी सर्वांत मागे असलेल्या कौशल्यात जमा होतात. म्हणून तिथे जाण्यापूर्वी सर्वांत मागचे कौशल्य कोणते ते पाहा. ते एखाद्या छोट्या क्वेस्टने सहज वर येणारे असेल, तर आधी ती क्वेस्ट उरका आणि अश्रूंचे एक्सपी अ‍ॅजिलिटीसारख्या संथ कौशल्याच्या वाट्याला जाऊ द्या.